लग्नघरासाठी घरचे कपकेक: या चुका टाळा

साखरपुडा, केळवण, डोहाळजेवण, बारसे, मुंज किंवा आजोबांची पंच्याहत्तरी अशा प्रसंगी घरी भाजलेले कपकेक भेट म्हणून देण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. रुखवतातही करंज्या-अनारशांच्या शेजारी कपकेकचे ताट दिसू लागले आहे. मात्र भेटीचा कपकेक ओव्हनमधून निघाल्या निघाल्या खाल्ला जात नाही. तो आदल्या दिवशी भाजला जातो, गाडीतून कार्यालयात पोहोचतो, दुपारभर टेबलावर राहतो आणि कित्येकदा दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या घरी खोक्यातून बाहेर येतो. हा मधला वेळ हिशेबात न धरल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

कृती निवडतानाच होणारी चूक

चहाबरोबर लगेच खाण्यासाठी बटरचा कपकेक उत्तम असतो, परंतु भेटीसाठी तेलाची कृती निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते. बटर गार झाले की घट्ट होते आणि त्याबरोबर केकही कडक लागतो. तेल पातळच राहत असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही कपकेक मऊ राहतो. वास नसलेले सूर्यफुलाचे तेल यासाठी योग्य आहे. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाचा वास व्हॅनिलावर मात करतो.

कपकेक ताजे राहावेत म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते, पण साध्या कपकेकचे त्यामुळे नुकसानच होते. मैद्यातील स्टार्च फ्रिजच्या तापमानाला बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो आणि केक शिळ्यासारखा कोरडा लागतो. एका दिवसाचा प्रश्न असेल तर पूर्ण गार झालेले कपकेक हवाबंद डब्यात बाहेर ठेवावेत. त्याहून आधी भाजायचे असतील तर क्रीम न लावता, एकेक नीट गुंडाळून, सरळ फ्रीझरमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर ते गुंडाळलेल्या अवस्थेतच सामान्य तापमानाला येऊ द्यावेत, म्हणजे हवेतील बाष्प केकवर न जमता वेष्टनावर जमते.

‘गोड जरा कमीच घाला’ ही घरातील वडीलधाऱ्यांची सूचना मनावर घेऊन साखर निम्मी करणे हीदेखील अशीच एक चूक. साखर केवळ गोडीसाठी नसते. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ ठेवते आणि त्याला तांबूस रंग देते. केकमधील साखर फार तर दहा-पंधरा टक्के कमी करावी आणि गोडी आणखी उतरवायची असल्यास ती वरच्या क्रीममध्ये उतरवावी.

मोठ्या प्रमाणात करताना

घरगुती ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, एका वेळी सहा किंवा बारा कपकेक मावतात, आणि लग्नघरासाठी साठ-सत्तर लागतात. अशा वेळी सगळे मिश्रण एकदम भिजवून ठेवले जाते, आणि इथेच सर्वांत मोठे नुकसान होते. आपल्याकडे बहुतेक भेटी बिनअंड्याच्याच कराव्या लागतात आणि त्यांची फुगवट दही किंवा व्हिनेगर यांच्याशी खाण्याच्या सोड्याच्या होणाऱ्या क्रियेवर अवलंबून असते. ही क्रिया दोन्ही एकत्र येताच सुरू होते; मिश्रण वाट पाहत राहिले तर त्यातील वायू निघून जातो. म्हणूनच पहिला ट्रे छान फुगतो आणि तिसरा बसका निघतो. उपाय सोपा आहे. मैदा, सोडा, बेकिंग पावडर हे कोरडे मिश्रण प्रत्येक ट्रेपुरते वेगवेगळ्या डब्यांत आधीच चाळून, वजन करून ठेवावे. दही, तेल, साखर यांचे ओले मिश्रणही तसेच मोजावे. आणि एक ट्रे ओव्हनमधून बाहेर येण्याच्या बेताला पुढच्या ट्रेचे मिश्रण एकत्र करावे.

हे मोजमाप वाटी-कपाने न करता वजनकाट्यावर करावे, असा माझा आग्रह आहे. हलकेच भरलेल्या कपात साधारण १२० ग्रॅम मैदा बसतो, तर डब्यात कप दाबून भरल्यास तोच १५० ग्रॅमपर्यंत जातो. बारा कपकेकमध्ये हा फरक खपून जाईल. साठांमध्ये तो प्रत्येक घासाला जाणवेल.

कपकेक पाहून चूक ओळखणे

वर टोक येऊन माथा तडकला असेल तर ओव्हन जास्त तापलेला होता, असे समजावे. ओटीजीच्या बटणावरचा १८० आकडा आणि आतील खरे तापमान यांत बरेचदा तफावत असते. आत ठेवायचा छोटा तापमापक घेतला तर हा प्रश्न कायमचा मिटतो. माथा मध्यभागी खचला असेल तर ओव्हनचे दार लवकर उघडले गेले, केक कच्चा राहिला किंवा सोडा जास्त पडला, या तिन्हींपैकी एक कारण असते. एक कप मैद्याला एक सपाट लहान चमचा बेकिंग पावडर किंवा पाव चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घातल्यास केक अधिक न फुगता आधी उसळतो आणि मग बसतो. कापल्यावर आत उभे बोगदे दिसले आणि केक चिवट लागला तर मिश्रण फार फेटले गेले आहे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी त्या भाजताना विरून जातात. साचा दोन तृतीयांशच भरावा.

कागदी कप सुटून येणे हा मात्र भेटीच्या खोक्यात सर्वांत वाईट दिसणारा दोष आहे. गरम ट्रेमध्येच कपकेक विसावू दिले किंवा कोमट असतानाच डब्यात भरले, की वाफ कोंडून कागद ओला होतो आणि केकपासून सुटतो. ओव्हनमधून काढल्यावर पाचेक मिनिटांत ते जाळीवर घ्यावेत आणि तळाला हात लावल्यावर अजिबात ऊब जाणवेनाशी झाल्याशिवाय झाकू नयेत.

रंग

हळदीच्या समारंभासाठी पिवळे कपकेक करायचे म्हणून मिश्रणात हळद घातली जाते आणि ते तांबूस डागांचे निघतात. ढोकळ्यावर लाल ठिपके येतात त्याचेच हे कारण: सोड्याच्या अल्कलीने हळद लालसर होते. बिटाचा रसही भाजताना मातकट होतो. केशर गरम दुधात भिजवून घालावे, किंवा केक साधा ठेवून रंग फक्त क्रीमला द्यावा. क्रीमसाठी जेलचा रंग घ्यावा, कारण पाण्यासारखा रंग जास्त घातला की क्रीम सैल पडते.

मे महिना आणि क्रीम

लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. कोकणात आणि मुंबईत तापमान कमी असले तरी दमटपणामुळे क्रीमवर घाम येतो. वातानुकूलन नसलेल्या कार्यालयात बटरक्रीमची नक्षी तासाभरात ओघळणारच, त्यामुळे ती तेथे करूच नये. फ्रेश क्रीमच्या २५ टक्के फॅटच्या पाकिटाला कितीही फेटले तरी ते ताठ होत नाही, हेही लक्षात ठेवावे. दुधाचे व्हिपिंग क्रीम ताठ होते, परंतु ते उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही आणि लवकर खराबही होते. वनस्पती-फॅटचे व्हिपिंग क्रीम त्या मानाने जास्त वेळ उभे राहते. ते गोठलेले मिळते, म्हणून फ्रिजमध्ये वितळवून, बर्फाचे कण उरले नाहीत पण थंडपणा कायम आहे अशा अवस्थेत फेटावे.

माझी स्पष्ट पसंती गनाशला, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेल्या चॉकलेटला, आहे. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग असे प्रमाण उन्हाळ्यात चालते. पांढऱ्या चॉकलेटला तीनास एक घ्यावे. उंच गोळा न काढता पातळ थर दिला आणि वर पिस्त्याचे काप किंवा वेलचीची चिमूट टाकली, की रुखवताच्या टेबलावरही कपकेक नेटका दिसतो.

बटरक्रीम करायचेच असेल, उदाहरणार्थ थंडीतल्या बारशाला, तर बटर बिनमिठाचे घ्यावे. बोटाने दाबल्यावर त्यात खळगा पडावा, पण ते चकचकीत दिसू नये. चकाकी आली की ते जास्त मऊ झाले आणि त्यात हवा धरली जाणार नाही. मिक्सरवर दळलेली पिठीसाखर जिभेला कचकचते, म्हणून ती अगदी बारीक दळून, एका कपाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दोनदा चाळून घ्यावी.

सजावट आणि खोके

हारातील उरलेली फुले कपकेकवर खोचू नयेत. त्यांवर फवारणी झालेली असते आणि कण्हेरीसारखी काही फुले तर विषारीच असतात. घरच्या, औषध न मारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या धुऊन, कोरड्या करून वापराव्यात. रंगीत दाणे किंवा मार्शमेलो विकत घेताना पाकिटावरील हिरवी खूण पाहावी, कारण काहींत प्राण्यांपासून केलेले जिलेटिन असते.

खोके प्रत्येक कपकेकसाठी खाचा असलेले आणि क्रीमच्या टोकाला झाकण लागणार नाही इतके उंच घ्यावे. गाडीत ते सीटवर ठेवल्यास उतारामुळे कपकेक एका बाजूला कलतात. पायाशी सपाट जागी, एसीची हवा पोहोचेल असे ठेवावे. डिकी उन्हात भट्टीसारखी तापते. खोक्यावर छोटी चिठ्ठी लावावी: अंडे आहे की नाही, काजू-बदाम-अक्रोड यांपैकी काय आहे, कोणत्या दिवशी भाजले आणि कधीपर्यंत खावे. दुधाचे क्रीम असल्यास दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचनाही त्यावर असावी, आणि खोके कुणाच्याही हाती न देता, घरातील जी व्यक्ती ते लगेच उघडून जागेवर ठेवील तिच्याच हाती द्यावे.