कांद्याची पात: भाजी पाणचट होते, बूड सडतं? या चुका टाळा

थंडी पडली की मंडईत पातीच्या जुड्यांचे ढीग लागतात. खानदेशात भरताच्या वांग्यांबरोबर पात पिशवीत पडतेच. चातुर्मासात कांदा-वांगं न खाणाऱ्या अनेक घरांत कांदेनवमीला निरोप घेतलेला कांदा चंपाषष्ठीला परत येतो तो या रूपात. खंडोबाच्या नैवेद्याला भरीत, रोडगा आणि सोबत पातीचा कांदा. एवढी घरातली भाजी, तरी तिच्याबद्दल तक्रारी त्याच त्या ऐकू येतात: पाणी सुटलं, काळपट झाली, पिठाच्या गुठळ्या झाल्या, ग्लासात लावली ती सडली.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. पात ही एक भाजी नाही, दोन आहेत. खालचा पांढरा भाग म्हणजे कांदा, तो शिजायला वेळ घेतो. वरच्या हिरव्या नळ्या म्हणजे पालेभाजी, ती दोन मिनिटांत होते. आणि रोपाचा जीव असतो तो बुडाशी, मुळांच्या वरच्या चपट्या चकतीत. हे लक्षात ठेवून हात चालवला की अर्धं काम होतं.

जुडी घेताना टोकं थोडी पिवळी असली तर हरकत नाही, ती खुडून टाकता येतात. बोट लावून बघायचं ते जुडीच्या मध्यावर, जिथे दोरी किंवा रबर बांधलेलं असतं. तिथे चिकट लागलं तर आतली पात सडायला लागली आहे. मध्येच एखादा जाड, कडक, टोकाला कळी असलेला दांडा दिसतो, तो डेंगळा. म्हणजे फुलाचा दांडा. तो कितीही शिजवा, दाताखाली दोरीसारखाच लागतो. काढून टाका.

पात चिरून मग धुणं ही सर्रास होणारी चूक. नळ्या पोकळ असतात, त्यामुळे चिरल्यावर पाणी आत शिरतं आणि तेच पुढे कढईत सुटतं. माती असते ती पानं जिथे फुटतात त्या बेचक्यात. आधी मुळं उडवा, वरचं एक साल काढा, बेचकं अंगठ्याने फाकवून नळाखाली धरा. मग जुडी उलटी धरून झटका आणि फडक्यावर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा. घाई असली तरी हे वाळवणं सोडू नका. ओली पात परतली जात नाही, उकडली जाते. चिरताना नळीतून बुळबुळीत रस येतो तो पातीचाच असतो, खराब झाल्याची खूण नव्हे. सुरी किंवा विळी मात्र धारेची हवी. बोथट पात्याने नळ्या चेंगरतात आणि रस पाटावरच राहतो.

आता पीठ पेरून भाजी, कारण सगळ्यात जास्त बिघडते ती हीच. इथे एक पेच आहे. बेसन कच्चं राहू नये म्हणून झाकण ठेवून वाफ काढावी लागते, आणि झाकण ठेवलं की पातीचा हिरवा रंग जातो. पानांतली आम्लं उघड्या कढईतून वाफेबरोबर निघून जातात, झाकणाखाली ती परत भाजीत पडतात. उष्णता आणि आंबटपणा मिळून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि भाजी शेवाळी-तपकिरी दिसते. टोमॅटो किंवा लिंबू लवकर घातलं तरी तेच होतं. रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका, पातीचा लगदा होतो.

उपाय सोपा आहे: बेसन आधीच भाजून घ्या. एका मध्यम जुडीला तीन ते चार मोठे चमचे बेसन कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत हलवायचं आणि मीठ त्यातच मिसळून ठेवायचं. मग तेल, जरा सढळ हाताने, कारण पीठ तेल पितं. मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हळद, तिखट. पांढरा भाग आधी घाला, तीन-चार मिनिटांत तो काचेसारखा दिसू लागतो. मग आच वाढवून हिरवी पात, झाकण न ठेवता, नुसती बसेपर्यंत. शेवटी पीठ एका जागी न ओतता चिमटीने सगळीकडे भुरभुरा, हलवा, दोन मिनिटं वाफ, बस. मीठ पिठात असल्याने पातीला जे पाणी सुटतं ते पीठच शोषून घेतं. शिवाय चिरलेली पात परातभर दिसते आणि शिजून वाटीभर होते. आधी अंदाजाने मीठ टाकलं की भाजी हमखास खारट होते, तीही अडचण यात येत नाही. बाजरीची गरम भाकरी आणि ही भाजी, थंडीत याहून वेगळं काही मागावंसं वाटत नाही.

मूगडाळ घालून करणार असाल तर डाळ अर्धा तास भिजवा आणि पांढऱ्या भागाबरोबरच टाका. थालीपिठाच्या पिठात पात असेल तर भिजवून लगेच थापा. ठेवलं की पीठ सैल होत जातं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे स्कॅलियन म्हणून मिळते ती बारीक जुडी बऱ्याचदा वेगळ्या जातीची असते, चिनी स्वयंपाकातली, जिला खाली गड्डा धरतच नाही. आपल्या भाजीसाठी तिच्यात एक छोटा कांदा चिरून घाला, नाहीतर चव फिकी लागते.

बुडं फेकू नका. मुळांसकट चार-पाच सेंटीमीटर पांढरा भाग ठेवून ग्लासात उभा करा. पात टोकाकडून नाही, बुडाकडून वाढते. सकाळी सपाट कापलेल्या बुडात मधली नळी दुसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या नळीसारखी वर सरकलेली दिसते. मी पहिल्यांदा ग्लास गळ्यापर्यंत भरला होता, तीन दिवसांत वास सुटला. पाणी फक्त मुळं बुडतील एवढंच हवं, आणि रोज बदललेलं. दोन कापण्या झाल्या की गड्ड्यातला साठा संपत येतो, पात बारीक आणि फिकी निघते. तेव्हा कुंडीत लावा.

कुंडी पंधरा-वीस सेंटीमीटर खोल पुरते, कारण मुळं वरवरच असतात. म्हणूनच पाणी थोडं आणि वेळेवर हवं, ऊन पाच-सहा तास. खालची पानं पिवळी आणि मान मऊ पडली तर पाणी जास्त होतंय. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे आहेत. ते पानांच्या बेचक्यात लपतात, तेव्हा नीमतेलाचा फवारा तिथेच मारा, संध्याकाळी. लांबट जांभळट डाग म्हणजे करपा, ती पानं तोडून लांब टाका आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला.

घरात कोंब आलेला कांदा लावला तर पात लवकर मिळते, पण पुढे डेंगळा येतो, कारण कांदा दुसऱ्या वर्षी फुलावर येतो. कळी दिसताच खुडा. बियांपासून लावणार असाल तर ताजंच बी घ्या. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर टिकतं, जुन्या पाकिटातलं उगवलं नाही तर दोष मातीचा नसतो.

उरलेली पात न धुता, रबर काढून, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. चिरून गोठवलेली पात फोडणीला चालते, कोशिंबिरीला नाही. आणि भाजी उरली तर कुत्र्या-मांजराच्या ताटलीत घालू नका. कांदा, पातीसकट, शिजलेला असो वा कच्चा, त्यांच्या तांबड्या पेशी फोडतो.