मोटार नंतर, आधी कानस

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला येऊन सायकलला मोटार बसवायची म्हणतोयस, तर ऑर्डर एवढ्यात देऊ नकोस. मोटार, कंट्रोलर, बॅटरी पैसे टाकले की येतात. कानशीवर हात बसायला मात्र महिना जातो.

आधी माप घे. मागच्या चाकाची हब मोटार, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, बहुधा 135 मिलीमीटरच्या फटीसाठी असते; फट म्हणजे फ्रेमच्या ज्या दोन टोकांत चाक बसतं त्यांच्यातलं अंतर. आजोबांच्या सायकलची फट त्याहून अरुंद आहे. मोटार 250 वॅटच्या आतली आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत ठेव, म्हणजे नंबर प्लेटची भानगड नाही.

4 इंची व्हाइस, म्हणजे लोखंड घट्ट धरणारा शिकंजा, जड टेबलाला बोल्टने आवळ. हॅक्सॉला, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीला, इंचाला 24 दात्यांचं ब्लेड, दाते पुढे. दोन चपट्या कानशी, एक रफ, एक स्मूथ. भोकाची खूण ठोकायला सेंटर पंच, गुण्या, बारीक माप घ्यायला व्हर्नियर, डोळ्यांना चष्मा. आणि खडू: कानशीला घासला की कीस अडकत नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 6 मिलीमीटर पट्टीचे तुकडे मागून आण. भरपूर आण, कारण बरेच वाया जाणार आहेत.

त्या पट्टीतून टॉर्कची पट्टी करायची. मोटार जोर लावते तेव्हा तिचा एक्सल उलटा फिरू पाहतो. फिरला की त्यातूनच बाहेर येणाऱ्या वायरी पिळवटून तुटतात. ते अडवायचं काम या पट्टीचं. एक्सलच्या दोन चपट्या बाजूंमध्ये 10 मिलीमीटर अंतर, म्हणून खाच तेवढीच. ओळीने भोकं पाड, मधलं लोखंड काप आणि मग घासत बस. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. दर पाच-सहा हातांनी एक्सल लावून बघ. माझी पहिली पट्टी शेवटच्या दहा मिनिटांच्या घाईत 10.4 झाली आणि भंगारात गेली. लोखंड घासून कमी करता येतं, परत लावता येत नाही. तीन पट्ट्या कर, तिसरी वापर.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराच्या कितीतरी आधी, 1888 साली, बेळगावात सायकलचंच दुकान काढलं होतं, हे तू चारचौघांत सांगशीलच. सांग, पण रफ कानस कोणती ते आधी ओळखायला शीक.

वेल्डिंग फक्त बॅटरीच्या कॅरियरपुरतं. सायकलच्या पाइपला हात लावू नकोस, पत्रा पातळ असतो, भोक पडतं. जस्ताचा मुलामा असलेला पाइपही नको. त्याच्या धुराने ताप भरतो. वेल्डिंग करताना बॅटरी दुसऱ्या खोलीत. ती 36 व्होल्टची, बीएमएससकट (सेल सांभाळणारं सर्किट) तयारच घे. सेल जोडायचा हट्ट या वर्षी नको. ब्रेकचे रबर नवे टाक.

पहिली फेरी आयर्विन पुलावर नको, सकाळी लवकर हरिपूरच्या रस्त्यावर. खिशात 18 चा पाना ठेव आणि किलोमीटरभर गेल्यावर उतरून एक्सलचे नट पुन्हा आवळ.