शॅमेलिऑनला आग्रह करून वाढू नका

माझी शेवंती म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याची मादी. जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातली, पण ही इथेच इंग्लंडमध्ये पैदाशीत जन्मलेली. आमच्या लेस्टरच्या घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा विचारतो, "एवढंच खाते?" हो, एवढंच. व्हेल्ड मादी नराशिवायसुद्धा अंडी घालते. खाणं आणि ऊब भरपूर मिळाली तर एका खेपेला ५०-६०, कधी त्याहून जास्त. त्या अंड्यांसाठी कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं, शिवाय अंडी पोटात अडकून जीव जाण्याचा धोका वेगळाच.

म्हणून पिल्लू असेपर्यंत रोज हवं तितकं द्या, पण वर्षाच्या आत हात आखडायला लागा. पूर्ण वाढलेल्या शेवंतीला मी दिवसाआड तीन-चार कीटक देते, आणि ऊब घ्यायच्या, दिव्याखालच्या फांदीचं तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवते. नराला २९-३० चालतं. कीटक तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. इथे पेट शॉपमध्ये टोळ, रातकिडे, डुबिया झुरळं सहज मिळतात. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत कॅल्शियम चांगलं असतं, रेशमाची अळी मऊ आणि रसाळ. मेणअळी मात्र निव्वळ चरबी, ती पेढ्यासारखी क्वचितच. बागेतले किडे पकडून घालू नका, शेजाऱ्याने काय फवारलंय कोणास ठाऊक. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका, ते झोपलेल्या जनावराला चावतात.

खरी मेहनत कीटकांना खाऊ घालण्यात आहे. डब्यातून थेट आणलेला उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. खाऊ घालण्याआधी निदान एक दिवस त्यांना गाजर, रताळं, कोवळा पाला द्या. मी शेवग्याच्या पाल्याची पावडर भुरभुरते. ती इथल्या बेलग्रेव्ह रोडवर, भारतीय दुकानांत मिळते, आणि आमच्या थालीपिठातही जाते. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

एवढं करूनही बहुतेक कीटकांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी, म्हणून वरून पावडर लावावी लागते. पिशवीत कीटक आणि चिमूटभर पावडर घालून हलवायचं. पिठात घोळलेली भजी दिसायला नकोत, नुसता धूसर थर पुरे. रोजच्या खाण्याला डी-३ जीवनसत्त्व नसलेलं साधं कॅल्शियम. महिन्यातून दोनदा डी-३ असलेलं, आणि मधल्या आठवड्यांत दोनदा मल्टिव्हिटॅमिन. त्यात 'अ' जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात आहे ना, हे लेबलवर वाचा. 'अ' कमी पडलं की डोळे सुजतात आणि कात नीट निघत नाही. पण डी-३ रोज देऊ नका. त्याचा अतिरेक झाला की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं.

डी-३ शरीरात मुख्यतः यूव्हीबी प्रकाशातूनच (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) तयार व्हावं. खिडकीतलं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. स्क्रूसारखे पीळदार छोटे दिवे स्वस्त असतात, पण घेऊ नका. लांब, बारीक टी-५ यूव्हीबी ट्यूब घ्या, लेबलवर ६ टक्के लिहिलेली, पिंजऱ्याच्या वरच्या जाळीवर ठेवायची. सर्वांत वरची फांदी जाळीपासून साधारण २० सेंटिमीटर खाली. जाळी बराच प्रकाश खाते, म्हणून यूव्ही मोजायचा मीटर उसना मिळाला तर तिच्या पाठीच्या उंचीला यूव्ही इंडेक्स (या किरणांची तीव्रता) ३ येतो का पाहा. ट्यूब पेटत असली तरी वर्षभरात बदला. हे सगळं चुकलं की पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ फेकता येत नाही.

पिंजरा ६० बाय ६० आणि उंची १२० सेंटिमीटर, एका पिंजऱ्यात एकच प्राणी. चारही बाजूंनी जाळी असावी हा सल्ला उष्ण हवेसाठी ठीक आहे. इथे जानेवारीत रेडिएटर चालू असतात आणि हवा पापडासारखी कोरडी. म्हणून माझ्या पिंजऱ्याच्या तीन बाजू बंद आहेत, वर जाळी आणि समोर खाली हवेची फट. आत मनी प्लांट आणि जास्वंद. जास्वंदीची पानं ती चक्क खाते, त्यामुळे कीटकनाशक मारलेली रोपं चालत नाहीत. पिंजरा उंचावर ठेवा, तिला आपल्याकडे वरून बघायला आवडतं.

वाटीतलं पाणी तिला बहुधा पाणी वाटतच नाही. ती पानांवरचे थेंब चाटते. पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री विझल्यावर दोन-दोन मिनिटं फवारा, दिवसा थोडा वेळ ठिबक. दिवसा पानं पूर्ण वाळू द्या. उबदार आणि सतत ओली हवा म्हणजे फुप्फुसाच्या आजाराला आमंत्रण. पाणी पुरतंय की नाही हे शिटेतला पांढरा भाग सांगतो. तो गर्द केशरी झाला तर कमी पडतंय.

भारतातल्यांसाठी एक सांगते. आपला रानातला सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडू नका, पाळू नका. परदेशी जातीची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, तेव्हा कागदपत्रांशिवाय विकणाऱ्याला हात जोडा.

मादी असेल तर चार-पाच महिन्यांची झाल्यापासून पिंजऱ्यात कायम एक कुंडी ठेवा. ३० सेंटिमीटर खोल धुतलेली वाळू, बोटाने केलेलं भोक ढासळणार नाही इतकी ओलसर. ती खणायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि लांब राहा. कोणी बघतंय असं वाटलं की ती खणणं सोडून देते आणि अंडी आत धरून ठेवते. खणून खणून अंडी न घालताच ती तळाशी डोळे मिटून बसली, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. साधा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना अनेकदा पुढे पाठवतो, म्हणून हा नंबर शॅमेलिऑन आणण्याआधीच शोधून ठेवा.