मित्रासोबत आशियात स्कूबा डायव्हिंग आणि भटकंती: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

खान्देशाला समुद्र नाही. आपल्याकडे पोहणे शिकले जाते ते मळ्यातल्या विहिरीत, पाटाच्या पाण्यात किंवा तापी-गिरणेच्या डोहात, पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. अशाच एका विहिरीत माझ्याबरोबर पोहायला शिकलेला आणि आता रावेरकडे केळीची बाग सांभाळणारा माझा मित्र, असे आम्ही दोघे थायलंड आणि कंबोडियाला जाऊन आलो आणि पुढच्या वर्षी बालीलाही गेलो. त्यानंतर जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच ओळखीच्या मंडळींनी विचारले की अशा सहलीची आखणी नेमकी कोठून सुरू करावी. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आखणीची सुरुवात विमानाच्या स्वस्त तिकिटापासून करू नये. ती शेवटच्या डायव्हपासून, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली मारलेल्या शेवटच्या बुडीपासून, उलटी मोजत यावी. पाण्याखाली आपण दाबाखालील हवा श्वासात घेतो आणि त्या हवेतील नायट्रोजन रक्तात व शरीरातील ऊतींत विरघळत राहतो. सावकाश वर आल्यास तो फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो. परंतु तो पुरेसा बाहेर पडण्यापूर्वी आपण विमानात बसलो, तर केबिनमधील कमी दाबामुळे त्याचे शरीरातच बुडबुडे होऊ शकतात. सोड्याची बाटली उघडताना जे घडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही त्यातून उद्भवू शकते. म्हणून एकच डायव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केले असेल तर किमान 18 तास विमानप्रवास करू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. मी स्वतः पूर्ण एक दिवस सोडावा असेच सांगेन. उंच डोंगरालाही हाच नियम लागू पडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही: सकाळी बालीच्या समुद्रात डायव्ह करून त्याच रात्री 1,717 मीटर उंचीच्या बातूर ज्वालामुखीवर सूर्योदय पाहण्यासाठी चढणे धोक्याचे आहे. बालीच्या सहलीत आम्ही परतीचे विमान शेवटच्या डायव्हच्या दिवशीच संध्याकाळी ठेवले होते. चूक ध्यानात आली तेव्हा ती डायव्ह सोडून द्यावी लागली आणि भरलेले पैसेही परत मिळाले नाहीत.

एकदा हा हिशेब मनात बसला की मार्ग आपोआप सुचू लागतो. पहिल्या सहलीसाठी थायलंडच्या आखातातील को ताओ हे छोटे बेट मला सर्वांत योग्य वाटते, कारण नवशिक्यांना शिकवणाऱ्या डायव्हिंग शाळा तेथे भरपूर आहेत. मुंबईहून बँकॉक, तेथून रेल्वेने चुम्फोन आणि चुम्फोनहून बोटीने को ताओ असा हा प्रवास आहे. बँकॉक ते चुम्फोन हे अंतर साधारण भुसावळ ते मुंबई एवढेच भरते, त्यामुळे भुसावळहून रात्रीची गाडी पकडण्याची सवय असलेल्या माणसाला त्यात नवे काही नाही. मात्र दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या 2023 पासून क्रुंग थेप अभिवत या नव्या स्थानकावरून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकावरून नव्हे, हे लक्षात असू द्यावे. या मार्गाची खरी सोय परतताना कळते: बोट आणि रेल्वे दोन्ही समुद्रसपाटीलगत चालतात, त्यामुळे बँकॉकला पोहोचेपर्यंत थांबण्याचा बराचसा वेळ प्रवासातच निघून जातो, आणि दुसरा दिवस बँकॉकजवळच्या अयुथ्थयेचे विटांचे जुने स्तूप पाहण्यात घालवला की विमानात बसायला शरीर मोकळे झालेले असते. बेटाजवळच्या विमानतळावरून लगेच उडण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

हंगामाबाबत आपले शेतीचे आणि सुट्यांचे वेळापत्रक आधी मांडून बसावे. उन्हाळी सुटीत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, को ताओ आणि बाली ही दोन्ही ठिकाणे चांगली असतात. दिवाळीत जाणाऱ्यांनी मात्र को ताओ टाळावे, कारण त्या सुमारास थायलंडच्या आखातात पाऊस आणि लाटा असतात. त्या वेळी थायलंडची पश्चिमेकडची, अंदमान समुद्राची बाजू बरी. तेथील सिमिलान बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात आणि दिवाळीच्या आधी उघडतात. मित्राच्या केळीच्या कापणीमुळे आम्हाला एकदा तारखा पुढे न्याव्या लागल्या होत्या, आणि तसे केले ते बरेच झाले. बागेची काळजी डोक्यात असलेला जोडीदार पाण्याखाली नको.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पाहावेत. थायलंडने 1 मे 2025 पासून डिजिटल आगमनपत्र सक्तीचे केले आहे. ते पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि त्यासाठी शुल्क नसते, त्यामुळे पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते बंद करावे. थायलंड आणि कंबोडिया यांच्यातील जमिनीवरचा मार्ग 2025 च्या सीमासंघर्षानंतर बंद झाला, तेव्हा कंबोडियातील अंगकोरची जुनी मंदिरे पाहायला विमानानेच जाण्याचे नियोजन करावे.

प्रवास विम्याच्या बाबतीत मात्र घाई करू नये. साध्या विम्यात स्कूबा डायव्हिंग वगळलेले असते किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेले असते. पॉलिसीतील बारीक अक्षरांत डायव्हिंगचा उल्लेख, खोलीची मर्यादा आणि दाबकक्षातील (नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर वाढीव दाबाखाली होणाऱ्या) उपचारांचा खर्च या तीन गोष्टी शोधाव्यात आणि त्या सापडल्या नाहीत तर डायव्हिंगसाठीचा स्वतंत्र विमा घ्यावा. त्याबरोबरच डायव्हिंग शाळेची आरोग्य प्रश्नावली घरी असतानाच मागवून घ्यावी. दमा, फेफरे, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागते; ती सही बेटावर शोधण्यापेक्षा जळगाव किंवा धुळ्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घेणे सोपे आहे. प्रश्नावलीत खोटे ‘नाही’ कधीही लिहू नये. चष्मा असणाऱ्यांनी नंबरच्या काचांचा मास्क मिळतो का, हेही आधीच विचारून ठेवावे.

आता विहिरीत शिकलेल्या पोहण्याविषयी, कारण आपल्याकडच्या माणसाचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही त्यात आहेत. ओपन वॉटर या पहिल्या अभ्यासक्रमात न थांबता 200 मीटर पोहावे लागते आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगून राहावे लागते. वेगाची अट नसते. विहिरीत मुटका मारून वाढलेल्या माणसाला खोल पाण्याची भीती नसते, पण विहिरीत लांब अंतर पोहण्याची सवयही होत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दोन महिने जवळच्या जलतरण तलावात आठवड्यातून तीन दिवस तरी सावकाश, न थांबता पोहावे. दुसरी अडचण याहून मोठी आहे. विहिरीच्या तळातून नाणे काढून आणणारा मुलगा छाती भरून घेतो आणि श्वास दाबून धरतो. तीच त्याची कसोटी असते. स्कूबामध्ये नेमके हेच करायचे नसते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो, म्हणून तेथे भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते, आणि श्वास कोंडलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते. त्यामुळे श्वास सतत, संथ, आत-बाहेर चालू ठेवणे हा पहिला नियम होय. ही सवय मोडायला मला दोन दिवस लागले.

कान दुखणे मात्र आपल्याला ओळखीचे असते. तळाशी जाताना कानात जी कळ येते ती बाहेरच्या दाबाने पडदा आत ढकलला गेल्यामुळे येते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा दाबली की कान मोकळे होतात. हे कळ येण्यापूर्वी, दर मीटरला आणि सुरुवातीच्या मीटरांत त्याहूनही वारंवार करावे. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरावे. कान मोकळे होत नसतील तर मीटरभर वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा; जोर लावून खाली जाऊ नये. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. गोळी घेऊन नाक मोकळे केले तरी तिचा परिणाम पाण्याखालीच उतरू शकतो आणि मग वर येताना हवा अडकते.

हा अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यात समुद्रातील चार डायव्ह येतात. त्यानंतर 18 मीटरपर्यंत जाता येते, म्हणजे आपल्या विहिरीच्या मापात सुमारे दहा परस. सिद्धान्ताचा भाग घरूनच ऑनलाइन वाचून जावा, म्हणजे बेटावरचे दुपारचे तास वाचतात. शाळा निवडताना किमतीआधी एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतील हे विचारावे. नियमाने आठांपर्यंत चालतात, पण चारांहून अधिक असतील तर मी दुसरी शाळा पाहीन. खर्च करण्यापूर्वी आवड तपासायची असेल तर तारकर्लीला जाऊन ऑक्टोबर ते मे या काळात नवख्यांना ओळख करून देणारी एक डायव्ह करून यावी.

मित्र सोबत असण्याचे मोल पाण्यात उतरल्यावर कळते, कारण जोडीदार हा तेथे आपला दुसरा सिलिंडर असतो. उतरण्यापूर्वी एकमेकांचे जॅकेट फुगते व रिकामे होते का, पाण्यात खाली जाता यावे म्हणून बांधलेला वजनपट्टा एका हाताने सुटतो का, सर्व बकले लागली आहेत का, सिलिंडरची तोटी पूर्ण उघडी आहे का आणि राखीव माउथपीस कोठे आहे हे पाहावे. सिलिंडरमधील दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहत दोन-तीन श्वास घ्यावेत. काटा थरथरत खाली जात असेल तर तोटी नीट उघडलेली नाही. खुणाही किनाऱ्यावर पक्क्या कराव्यात. आपल्याकडे ‘झकास’ म्हणून अंगठा दाखवला जातो, पण पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. माझ्या मित्राने पहिल्या दिवशी आनंदाने तीन वेळा अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकाने तीनही वेळा आम्हा सर्वांना वर आणले. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करायचे असते.

हवेचा हिशेब दोघांनाही यायला हवा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे 2,400 लिटर. त्यातील 50 बार, म्हणजे 600 लिटर, राखीव ठेवले की 1,800 लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणाऱ्या माणसाला 20 मीटरवर तिप्पट, म्हणजे 60 लिटर लागते, आणि त्याची हवा अर्ध्या तासात संपते. घाबरल्यावर हे प्रमाण आणखी वाढते. म्हणून 100 बारवर एकमेकांना खूण करावी आणि ज्याची हवा आधी कमी होईल त्याच्या हिशेबाने दोघांनीही वळावे. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नसावा आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे. ही तीन मिनिटे कधीही वगळू नयेत.

को ताओच्या पाण्यात टायटन ट्रिगरफिश नावाचा मोठा मासा अंडी राखत असला तर अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखी असते, म्हणून वर न पळता आडवे दूर जावे. प्रवाळाला हात लावू नये आणि पायांतील फिन्सही (पोहण्याचे वल्हेही) लागू देऊ नयेत. ते जिवंत प्राणी आहेत. प्रवाळाला घातक द्रव्ये असलेले सनस्क्रीन थायलंडने सागरी राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून वर्ज्य केले आहे, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा उत्तम.

जमिनीवरच्या भागासाठी अंगकोरला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत. अजिंठा आपल्या इतक्या जवळ असल्यामुळे दगडातील कथा वाचण्याची सवय आपल्या डोळ्यांना असते आणि तिचा तेथे फार उपयोग होतो. बाराव्या शतकातील अंगकोर वाटच्या पूर्वेकडील ओवरीत सुमारे 49 मीटर लांबीचे समुद्रमंथन कोरलेले आहे: एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, हातात वासुकी आणि मध्यभागी विष्णू. आम्ही तेथे सकाळी लवकर गेलो होतो. तिरप्या उन्हात खालच्या पट्टीतील घुसळलेले मासे आणि मगरी स्पष्ट दिसत होत्या, आणि चार दिवसांपूर्वी तसेच मासे खऱ्या पाण्यात पाहिलेले असल्यामुळे मित्र तेथून हलेना. मंदिराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जाण्यासाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बौद्ध पवित्र दिवशी तो बंद असतो.

दुसऱ्या सहलीसाठी बालीतील तुलांबेन निवडावे. 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या पाणतीराने निकामी झालेले लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज तेथील किनाऱ्यावर आणून टेकवले होते, आणि 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून समुद्रात गेले. आता ते किनाऱ्यापासून पोहत गाठता येते. सिलिंडर डोक्यावर घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालणाऱ्या तेथील स्त्रिया पाहून पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या आपल्या आया-बहिणी आठवतात. त्यांना मजुरी नीट मिळते का हे पाहूनच मी शाळा निवडतो. बालीला जाण्याच्या तारखा ठरवताना न्येपीचा, म्हणजे तेथील नववर्षाचा, दिवस पाहावा. बालीतील नववर्षही आपल्यासारखे शकाचेच असते आणि बहुधा गुढीपाडव्याच्या आसपास येते. त्या दिवशी विमानतळासह सर्व व्यवहार 24 तास बंद राहतात.

शाकाहारी मंडळींनी थायलंडमध्ये ‘जे’ (पूर्ण शाकाहारी) हा शब्द पाठ करावा, नाहीतर भाजीतही माशांचा रस्सा येतो. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या असाव्यात, पण बोटीवर जाण्यापूर्वी तिखट-तेलकट खाऊ नये. भाड्याची दुचाकी घ्यायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा, अन्यथा अपघातात विमा मिळत नाही.

प्रत्येक डायव्हनंतर मास्क गोड्या पाण्याने धुवावा आणि त्याच संध्याकाळी नोंदवही भरावी: तारीख, ठिकाण, खोली, वेळ, उतरतानाची व वर आल्यावरची हवा, किती वजन लावले होते आणि काय दिसले. त्याखाली जोडीदाराची सही घ्यावी. पुढच्या वेळी दुसऱ्या देशातील प्रशिक्षक सर्वांत आधी हीच वही मागतो, आणि किती वजन लावायचे याचे उत्तर तिच्यातच मिळते.