कोलंबस, इंडियाना: गावाबाहेर घर घ्यायचं म्हणताय?

पुण्याहून इथल्या कमिन्स या इंजिनांच्या कंपनीत बदलून आलेली मंडळी पहिलं वर्ष अपार्टमेंटमध्ये काढतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात घरं बघत फिरायला लागतात. शहरात जेवढ्याला घर, जवळपास तेवढ्यातच बाहेरच्या होप किंवा हार्ट्सव्हिल या छोट्या गावांकडे एकर-दोन एकर जागा, मागे मक्याचं शेत, शिवाय एखादं जुनं लाल बार्न. नवरा हरखतो, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. मग कुणीतरी आमचा नंबर देतं आणि फोन येतो, ‘ताई, तुम्ही तिकडेच राहता ना? कसं आहे?’ छान आहे. आम्ही काही आता शहरात परत जात नाही. पण दर वेळी तेच तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

कोलंबसबद्दल मी लिहीत नाही. पन्नास हजार वस्तीचं गाव, सारिनेन बापलेकांची चर्चेस, आय. एम. पेईंनी बांधलेलं वाचनालय, हे सगळं पहिल्या महिन्यात कुणीतरी फिरवून दाखवतंच. कोथरूडशी नातं १९६२ पासूनचं, किर्लोस्कर कमिन्सच्या दिवसांपासूनचं, त्यामुळे इथे मराठी ऐकू आलं तर कुणी वळून बघत नाही. होप मात्र दोन हजारांच्या आसपास वस्तीचं, १८३० मध्ये मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं, मधे चौक आणि भोवती दुकानं. तिथून पुढे नुसता मका आणि सोयाबीन.

शहराची हद्द ओलांडली की तुमची नगरपालिका तुम्हीच. पाणी तुमचं, सांडपाणी तुमचं, गॅस तुमचा, कचऱ्याची गाडीसुद्धा तुम्हीच ठरवायची. आपल्या लोकांना घर म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, खोल्या आणि शाळेचं रेटिंग. ज्याला खरा पैसा लागतो ते सगळं जमिनीखाली असतं आणि ते बघायला कुणी वाकत नाही.

म्हणून सेप्टिक. सेप्टिक. सेप्टिक. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने घर घेतलं. इन्स्पेक्शन केलं होतं, रिपोर्ट स्वच्छ. त्या इन्स्पेक्शनमध्ये सेप्टिक नव्हतंच! ते वेगळं सांगून, वेगळे पैसे देऊन करून घ्यावं लागतं आणि एजंट ते आपणहून सांगेलच असं नाही. त्यात घर विकायच्या आधी कित्येक महिने रिकामं होतं, म्हणजे ड्रेन फील्ड, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जिथे जमिनीत मुरतं तो भाग, कोरडं ठणठणीत. त्याला वापरच नव्हता, तर तुंबणार काय? मग हे राहायला आले, मार्चमध्ये तिचे आईबाबा आले, माणसं दुप्पट, वॉशिंग मशीन रोज, बाहेर बर्फ वितळून जमीन आधीच पाण्याने भरलेली. एका सकाळी तळघरातल्या शॉवरच्या जाळीतून घाण वर आली. नवीन सिस्टीम टाकायची तर जुन्या फील्डची जागा पुन्हा वापरता येत नव्हती, मातीची तपासणी, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचा परवाना, आणि बिल वीस हजार डॉलरच्या वर. घरविम्याने एक पैसा दिला नाही.

तेव्हा घर आवडलं की पहिल्यांदा आरोग्य खात्याकडे जाऊन त्या पत्त्याचा सेप्टिकचा परवाना आणि नकाशा मागा. परवाना किती बेडरूमसाठी आहे ते वाचा. घर चार बेडरूमचं म्हणून विकतात आणि सेप्टिक तीनचं निघतं. टाकी उघडून, उपसून, आतले बॅफल (गाळ फील्डकडे जाऊ न देणारे आडोसे) बघून तपासणी करून घ्या, आणि त्या वेळी स्वतः हजर राहा. वास येतो, येऊ दे. नकाशात दुसऱ्या ड्रेन फील्डसाठी जागा शिल्लक आहे का, तेही विचारा. घर घेतल्यावर दर तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसायची. फील्डवर गाडी लावायची नाही, शेड बांधायची नाही, झाडं लावायची नाहीत. आणि तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. दिवाळीचा फराळ झाला की कढईतलं तेल थंड करून डब्यात भरा आणि कचऱ्यात टाका. बेसनाची, तुपाची भांडी आधी कागदाने पुसा, मग घासा. सासूबाईंना हे पटवायला वेळ लागतो, पण पटवा.

विहीर म्हणजे इथे बोअर. पाणी जड, चुनखडीचं, त्यामुळे सॉफ्टनर लागतो आणि त्यात मिठाच्या गोण्या ओताव्या लागतात. वर्षातून एकदा बॅक्टेरिया आणि नायट्रेटची तपासणी. भोवती मक्याला नत्र खत घालतात, ते पाण्यात उतरू शकतं. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असेल तर तान्ह्या बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नका. उकळून ते जात नाही, उलट वाढतं. वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही बंद, हे शहरातून आलेल्यांच्या डोक्यात येत नाही. आइस स्टॉर्मचा अंदाज आला की बादल्या, टब भरून ठेवा. हे तरी आपल्याला कुणी शिकवायला नको.

घर तापवायला लागणाऱ्या प्रोपेन गॅसची टाकी अंगणात असते. ती भाड्याची असेल तर फक्त टाकीवाली कंपनीच त्यात गॅस भरू शकते, दुसऱ्याकडे स्वस्त मिळतोय म्हणून बोलावता येत नाही. हे घर घेतानाच विचारा. उन्हाळ्यात आगाऊ भाव बांधून घ्या. २०१४ च्या जानेवारीत अख्ख्या मिडवेस्टमध्ये प्रोपेनचा तुटवडा झाला, भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला, आणि ज्यांनी भाव बांधले नव्हते त्यांनी थर्मोस्टॅट खाली करून घरात जॅकेट घालून दिवस काढले. टाकीचा काटा तीस टक्क्यांवर आला की फोन करा, दहावर येईपर्यंत थांबू नका.

पूर. ‘आमच्या इथे कुठली नदी?’ असं म्हणू नका. होपकडून वाहत येणाऱ्या हॉ क्रीकनेच जून २००८ मध्ये कोलंबस बुडवलं, शहरातलं हॉस्पिटल काही महिने बंद होतं. पुराचा नकाशा बघा. साध्या घरविम्यात पूर येत नाही.

आता जे पुरुष वाचतायत त्यांच्यासाठी. बायकोचं लायसन्स आणि दुसरी गाडी झाल्याशिवाय गावाबाहेर घर घेऊ नका. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर मिळणाऱ्या बायकोच्या व्हिसावर, आले होते. कामाचा परवाना नाही, बस नाही, रिक्षा नाही, चालत जाण्यासारखं एक दुकान नाही. तुम्ही सकाळी सातला प्लांटवर जाता, तिथे दिवसभर माणसं असतात, कँटीनमध्ये मराठीसुद्धा बोलता. घरी ती आणि खिडकीतून दिसणारा मका. आणि मग संध्याकाळी म्हणायचं, ‘किती शांत आहे ना?’ नवीन रहिवाशाने साठ दिवसांत इंडियानाचं लायसन्स काढायचं असतं. नवऱ्याचं निघतं, बायकोचं ‘बघू उन्हाळ्यात’ म्हणून राहतं. दोघांचं एकाच आठवड्यात टेस्टला नाव घाला. ज्यांना दुसऱ्या गाडीचे पैसे जड वाटतात त्यांनी शहरातच राहावं, त्यात कमीपणा नाही.

रस्त्यांचे आकडे बघून घाबरू नका, हिशोब सोपा आहे. काउंटीच्या मधल्या रेषेपासून शंभर म्हणजे एक मैल. ‘४५० ईस्ट’ म्हणजे रेषेपासून साडेचार मैल पूर्वेला असलेला रस्ता, ‘८०० नॉर्थ’ म्हणजे आठ मैल उत्तरेला. एकदा हे कळलं की फोनची रेंज गेली तरी घर सापडतं. जपायचं ते चौकात. जुलै-ऑगस्टमध्ये मका पुरुषभर वाढतो आणि आडव्या रस्त्यावरून येणारी गाडी दिसतच नाही. स्टॉपची पाटी बऱ्याच ठिकाणी एकाच रस्त्याला असते, दुसरा सुसाट येतो. आपल्याला पाटी नाही म्हणून निर्धास्त जाऊ नका, पाय ब्रेकवर ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी हरणं. एक गेलं की थांबा, मागून आणखी असतात. समोर आलंच तर ब्रेक दाबा, स्टीअरिंग वळवू नका. हरणापेक्षा खड्ड्यात आणि झाडावर जाणारे जास्त दुखापत करून घेतात. विम्यात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्या, हरणाचं नुकसान त्यात धरतात. सुगीत अख्खा रस्ता व्यापून कंबाइन, म्हणजे कापणीचं यंत्र, येतं, हॉर्न वाजवू नका. शेतकरी जागा मिळाली की स्वतःच कडेला घेतो. बर्फात काउंटी लाल ‘वॉर्निंग’ लावते तेव्हा फक्त तातडीच्या गाड्यांनाच मुभा असते, ऑफिसला कळवा आणि घरी बसा.

समोरून येणारा स्टीअरिंगवरून एक बोट उचलतो. तुम्हीही उचला. ओळख नसते, तरी उचलायचं.

माणसांबद्दल आपल्यात दोन टोकाची मतं ऐकू येतात, दोन्ही ऐकीव. एक, ‘हे लोक आपल्याला घेत नाहीत.’ हे म्हणणारे शुक्रवारपासून रविवारपर्यंत एकमेकांकडे पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) करत फिरतात आणि डावीकडच्या शेजाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक नसतं. दुसरं, ‘फार गोड आहेत हो.’ गोडही आहेत आणि चौकसही. तुम्ही कोणत्या चर्चला जाता हे पहिल्या भेटीत विचारतील. तो हल्ला नाही. ‘आम्ही हिंदू आहोत, गणपतीला इंडियानापोलिसला देवळात जातो’ म्हणा, बहुतेक वेळा पुढचा प्रश्न गणपतीबद्दलच येतो. अंगणातल्या निवडणुकीच्या पाट्यांवर बोलू नका, तुमच्याही लावू नका, निदान पहिली काही वर्षं. आमचा ड्राइव्हवे हिवाळ्यात शेजारचे आजोबा ट्रॅक्टरने साफ करतात. पैसे देऊ केले तर चेहरा पडतो. चकल्या दिल्या तर डबा धुऊन परत येतो, आत टोमॅटो किंवा काकड्या असतात. गवत मात्र वेळेत कापा. मेमध्ये दर आठवड्याला, नाहीतर सगळे गप्प राहतील आणि सगळ्यांच्या लक्षात राहील.

शाकाहारी असाल तर इथल्या पॉटलकला घेवड्याच्या शेंगा बघून खूश होऊ नका, त्यात बेकन असतं. बेक्ड बीन्समध्येही असतं. विचारून घ्या, कुणाला राग येत नाही. पर्सिमन या फळाचं पुडिंग मिळालं तर घ्या, त्यात अंडं चालत असेल तर.

गोळ्यांचे आवाज येतात. नोव्हेंबरात हरणांची शिकार, एरवी रविवारी कुणीतरी निशाणबाजी करतं. त्या दिवसांत शेताच्या कडेने फिरायला जाताना नारिंगी जाकीट घाला. झाडावर जांभळ्या रंगाचा पट्टा असेल तर आत शिरू नका. २०१८ पासून या राज्यात त्या पट्ट्याचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असा आहे. मुलं कुणाकडे खेळायला पाठवताना बंदुका कुलपात आहेत का, हे सरळ विचारा. इथल्या आयासुद्धा विचारतात. वसंतात शेताच्या कडेला लांबुळक्या पांढऱ्या टाक्या दिसतील, त्यात अमोनिया असतो. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

शाळा लहान आहेत. वर्गात तुमचं मूल एकटंच देशी असू शकेल आणि बास्केटबॉल येत नसेल तर पहिला हिवाळा त्याला जड जाईल. अभ्यासाची काळजी आपण करतोच, ती इथे करावी लागत नाही.

आईबाबा येतील तेव्हा त्यांना फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर सकाळी फिरायला जायचं असतं. आमच्या सासूबाई साडी नि स्वेटर घालून निघाल्या की गाड्या थांबायच्या. गाडी बिघडलीय का, कुठे सोडायचंय का? त्यांना इंग्रजी येत नाही, त्या हात जोडून हसायच्या, आणि लोक आणखीनच काळजीत पडायचे. शेवटी आम्ही शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, आणि आजींच्या फिरण्याची बातमी बहुधा दोन दिवसांत होपच्या चौकापर्यंत पोचली असावी.

मालमत्ता कर १० मे आणि १० नोव्हेंबरला. होमस्टेड डिडक्शनचा, म्हणजे स्वतः राहता त्या घरावरच्या करसवलतीचा, अर्ज काउंटी ऑडिटरकडे गेलाय की नाही ते स्वतः तपासा, नाहीतर कर बराच जास्त येतो. अंगणात खणायच्या आधी ८११ वर फोन, जमिनीखालच्या तारा-नळ कुठे आहेत ते खुणा करून देतात, फुकट आहे. तळघरात रेडॉनची (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणी करा.

आणि घरं बघायची तर मार्चमध्ये बघा. जूनमध्ये सगळीच घरं देखणी दिसतात. मार्चमध्ये ड्रेन फील्डवर चालून बघा, बूट रुतला किंवा वास आला तर तिथेच थांबा. तळघरात जा, तळघरातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या संप पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि पंप सुरू होतो का ते उभं राहून ऐका. एजंट घड्याळ बघेल. बघू दे.