बाग गहाण न ठेवता परदेशात शिकायला कसं जायचं

आमची बाग निफाड तालुक्यात, तीन एकर थॉमसन द्राक्षं. २०१७ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं तेव्हा शेतात खरड छाटणी चालू होती. नानांनी, म्हणजे वडिलांनी, कात्री खाली ठेवली, फोनवरचं पत्र दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "सातबारा घेऊन उद्या बँकेत जाऊ."

गेलो. साहेबांनी सातबारा पाहिला आणि परत दिला. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण चालत नाही. कारण सरळ आहे. थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घ्यायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला, पण त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँकेला बिनशेती प्लॉट, फ्लॅट किंवा मुदतठेव हवी असते. गावठाणातलं घर फक्त ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर असेल तर तेही बऱ्याचदा अडतं. पाच-पाच एकर बाग असलेल्या घरांतली पोरं या एका वाक्यावर घरी बसलेली मी पाहिली आहेत. नाना परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. बँकेने तेव्हा बाग घेतली नाही हे फार बरं झालं, असं मला आज मनापासून वाटतं. पैसे एकाच ठिकाणाहून आणायचा हट्ट त्यामुळे सुटला आणि मी ते तुकड्यातुकड्यांनी जोडायला शिकले.

कसे जोडले ते सांगते. त्याआधी जायचं कशासाठी, हे सांगायला हवं.

२०१० साली मी अकरावीत होते. त्या हंगामात लिहोसिनचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे, मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडल्यामुळे नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली. गावात चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत तोच विषय. ही मर्यादा कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, हे एकालाही सांगता येत नव्हतं. "गोऱ्यांनी ठरवलं" यापुढे चर्चा जायचीच नाही. राहुरी कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. झाली तरी माझ्या डोक्यातला तो प्रश्न तसाच होता. ग्योटिंगेनला तो सुटला. ज्या औषधासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आपोआप लागू होते. वेगळी मर्यादा हवी असेल तर प्रत्यक्ष शेतातल्या चाचण्यांची आकडेवारी द्यावी लागते, ती युरोपची अन्नसुरक्षा संस्था तपासते. म्हणजे त्या टेबलावर आपली आकडेवारी घेऊन जाता येतं. आज मी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊससाठी अंश तपासणीचं काम बघते. शेतकऱ्याला नुसतं "हे मारू नका" न म्हणता का मारू नका ते सांगता येतं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा.

दुसरा फायदा माझ्या पहिल्या अहवालाने शिकवला. त्यात मी लिहिलं होतं की जास्त खतामुळे पाणी खराब होतं हे सर्वांना माहीत आहे. प्राध्यापकबाईंनी त्या वाक्याशेजारी लिहिलं, "कशावरून?" आपल्याकडे मला परीक्षेत चांगले गुण मिळत होते, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वर्गात इथिओपिया, कोलंबिया, व्हिएतनामची शेतकऱ्यांची पोरं होती. आमच्या अडचणी इतक्या सारख्या निघाल्या की पहिल्या हिवाळ्यातलं एकटेपण त्या गप्पांनीच निभावलं. आणि मार्चमध्ये तिथल्या दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यावर 'भारत' लिहिलेली द्राक्षं पाहिली तेव्हा मी तो डबा हातात धरून बराच वेळ उभी राहिले.

आता पैशाचं. मी विद्यापीठाआधी देश निवडला, आणि देश निवडताना आधी फी पाहिली. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, सहामाहीला काहीशे युरोचं योगदान भरावं लागतं आणि अनेक ठिकाणी त्यातच प्रवासाचा पास येतो. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केलं आहे. नॉर्वे फुकट आहे असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतात, पण तिथे २०२३ पासून आपल्याला फी आहे. माहिती जुनी असेल तर ती विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर पडताळून घ्या.

जर्मनीचा मोठा आकडा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच खात्यात ठेवायचे, तिथे गेल्यावर ते दरमहा ठरावीक हप्त्याने तुम्हालाच मिळतात. हे शुल्क नाही, पैसे तुमचेच. मला ८,६४० युरो ठेवावे लागले होते. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ आहे, महिन्याला ९९२. युरोही तेव्हा ७६ रुपयांच्या आसपास होता, आता शंभरीपार आहे. म्हणजे माझं साडेसहा लाखांत भागलं, तुम्हाला बारा लाखांची तयारी हवी.

तिकीट, व्हिसा, विमा, खोलीची अनामत धरून माझी गरज आठ लाखांची झाली. त्यातले चार लाख बँकेचे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, हे दुसऱ्या एका शाखेतल्या मॅडमनी समजावलं. साडेसात लाखांपर्यंतही तारण लागत नाही, पण परदेशासाठी १५ टक्के रक्कम आपली लागते. दोन लाख मुंबईच्या एका ट्रस्टने बिनव्याजी दिले. पदवीनंतर दोन वर्षं मी ठिबकच्या कंपनीत नोकरी केली होती, त्यातले एक लाख वीस हजार शिल्लक होते. उरलेले ऐंशी हजार नानांनी त्या हंगामातून काढून दिले. बस. नोकरीची ती दोन वर्षं वाया गेली असं मला तेव्हा वाटायचं. पुढे कळलं की बऱ्याच शिष्यवृत्त्यांना तोच अनुभव लागतो.

कर्जात आमच्यासारख्या घरांची गाडी तीन ठिकाणी अडते. पहिलं, शेती उत्पन्न करमुक्त म्हणून नानांनी कधी आयकर विवरणपत्र भरलंच नव्हतं, आणि बँक सहकर्जदाराची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. ज्यांचं मूल आज बारावीत आहे त्यांनी यंदापासूनच भरायला लागा, शेती उत्पन्न दाखवा, व्यापाऱ्याच्या पावत्या आणि खात्यावर आलेले पैसे जपा. रोखीचा व्यवहार बँकेला दिसत नाही. दुसरं, सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असेल तर सिबिल खराब होतं. आमचं तसंच होतं, म्हणून शिक्षक असलेले मामा सहकर्जदार झाले. तिसरं जर्मनीपुरतं : बँकेला विद्यापीठाच्या खात्यात फी भरायची सवय असते आणि इथे तर फीच नाही. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम कर्जातून देऊ, असं मंजुरीपत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच अर्जातून अनेक बँकांकडे जाता येतं. मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सवलत देतात, ती मागावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ कर, नाही. घरच्या पैशातून वर्षाला दहा लाखांपुढे पाठवलं तर कापतात, पण तो विवरणपत्र भरताना वळता होतो.

सरकारी शिष्यवृत्त्यांबद्दल मला जरा पोटतिडकीने सांगायचं आहे, कारण आपली मुलं तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. ती देणारे सयाजीराव गायकवाड आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. दुसऱ्याच्या पैशावर शिकायचं कसं, असा संकोच घरात कुणाला वाटला तर मी हे सांगते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. मराठा समाजासाठी सारथीची शिष्यवृत्ती सयाजीरावांच्याच नावाने, तिथेही ७५. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक आणि खुल्या वर्गासाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे. सुरगाणा, पेठ, कळवणच्या मुलांनी मुंबईची वाट बघू नये, तिथे जाऊन विचारावं. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा वेगळ्या. तिथे पदवीला ६० टक्के आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं.

या योजना फी, निर्वाह भत्ता, विमान भाडं असं जवळजवळ सगळं देतात, पण विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत ठरलेल्या क्रमांकाच्या आत लागतं. म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच त्या वर्षीची जाहिरात शेजारी ठेवा. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे वर्षभर आधी काढून ठेवा. निकालाआधीच विद्यापीठाची पैसे भरायची तारीख येत असेल तर विद्यापीठाला ईमेल करून मुदतवाढ मागा. मागितली तर अनेकदा मिळते.

ट्रस्टमध्ये जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी. मुलाखतीत मला जर्मनीबद्दल फारसं विचारलं नाही. "परत आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय कराल?" हा प्रश्न आला. मी लिहोसिनची गोष्ट सांगितली. अर्जातही तेच लिहा, तुमच्या गावातलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. "मला लहानपणापासून ज्ञानाची ओढ" असं लिहिलेले अर्ज मी तपासते तेव्हा आधी ते वाक्य खोडते.

पूर्ण खर्च उचलणाऱ्यांत इरास्मस मुंडस मला सगळ्यात आवडते : किमान दोन देशांत शिक्षण, फी माफ, महिन्याला १,४०० युरो, आणि अनुभवाची सक्ती सहसा नसते. इंग्लंडसाठी चेव्हनिंग, दोन वर्षांचा अनुभव आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, तिथे तीन वर्षांचा अनुभव. अमेरिकेत पीएच.डी. करणाऱ्याला बहुधा विद्यापीठच फी माफी आणि मानधन देतं, मास्टर्सला ते क्वचित. जर्मनीसाठी डाड (DAAD). मला डाडने नकार दिला होता, तरी मी गेले.

तिथे पोहोचल्यावरही पैसे मिळतात, हे इथून निघताना कुणी सांगत नाही. मी दुसऱ्या सहामाहीपासून प्राध्यापकबाईंकडे महिन्याला चाळीस तास साहाय्यक म्हणून काम केलं, तिकडे त्याला हिवी म्हणतात. आता परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. दुसऱ्या वर्षी डॉइचलांडस्टिपेंडियम मिळालं, महिन्याला ३०० युरो, निम्मे तिथल्या केंद्र सरकारचे, निम्मे देणगीदारांचे. त्याला राष्ट्रीयत्वाची अट नाही. पण कामाच्या भरवशावर पहिलं वर्ष काढायचं ठरवू नका. पहिल्या सहा महिन्यांत भाषा, थंडी आणि अभ्यास यांतच जीव मेटाकुटीला येतो. जाण्याआधी जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत तरी करा. वर्ग इंग्रजीत असला तरी दवाखान्यात आणि घरमालकाशी जर्मनच लागते.

एका एजंटने मला "दीड लाखात सगळं करून देतो" म्हणत एका महागड्या खासगी कॉलेजचं नाव पुढे केलं होतं. ते कॉलेज त्याला कमिशन देतं हे मला नंतर कळलं. सरकारी विद्यापीठाचा अर्ज स्वतः भरता येतो.

बागायतदाराच्या पोरांना वेळापत्रक एका वाक्यात कळतं. एप्रिलच्या छाटणीला काडी तयार होते, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि माल पुढच्या फेब्रुवारीत. पैशाचंही तसंच. तिकडचा वर्ग पुढच्या वर्षी ऑक्टोबरला सुरू व्हायचा असेल तर काडी यंदाच्या एप्रिलला. तेव्हा इंग्रजीची परीक्षा आणि विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट. पावसाळ्यात एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी तपासल्याचं प्रमाणपत्र, हे भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून लागतं आणि १८,००० रुपये फी आहे. दिवाळीच्या आगेमागे इरास्मसचे अर्ज, हिवाळ्यात विद्यापीठांचे आणि ट्रस्टचे, प्रवेशपत्र आलं की त्याच आठवड्यात बँक.

व्हिसाच्या दिवशी मी आणि नाना सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. फाईल तीनदा लावली होती आणि सगळ्याच्या दोन-दोन प्रती होत्या. नानांनी सोबत सातबाराही घेतला होता. तो कुणी मागितला नाही, आजही त्यावर पीककर्जाशिवाय दुसरा बोजा नाही.