जुनी मित्सुको, नवी मित्सुको: दोन बाटल्यांची तुलना कशी करावी

मावशीच्या लोखंडी कपाटात सापडलेली मित्सुको या परफ्यूमची जुनी बाटली पहिल्यांदा हुंगली, तेव्हा नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा भपकारा आला आणि मागोमाग डांबरगोळ्या. शेजारी ठेवलेली नवी बाटली त्यापुढे कशी स्वच्छ, फळासारखी गोड. मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: नवीच चांगली. निकाल चुकला होता. मी फॉर्म्युला तपासलाच नव्हता, तपासलं होतं ते बाटलीचं म्हातारपण. अशा तुलनेत बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

आधी बदललंय काय ते समजून घ्या. गेर्लाँ या फ्रेंच घराण्याच्या जाक गेर्लाँ यांनी 1919 मध्ये मित्सुको केलं. फ्रांस्वा कोटी यांचं ‘शिप्र’ हे परफ्यूम त्याआधी दोन वर्षं बाजारात आलं होतं. मित्सुको त्याच जातकुळीतलं. वर, म्हणजे आधी येणाऱ्या वासात, बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचं फळ; खाली, म्हणजे शेवटपर्यंत टिकणाऱ्या तळात, लॅब्डॅनम या झुडपाचा डिंक आणि ओकमॉस; आणि मधे पिकलेल्या पीचचा वास देणारं एक कृत्रिम द्रव्य. ओकमॉस म्हणजे झाडांच्या सालीवर वाढणारं, दगडफुलासारखं शैवाक (लायकेन). दोघांचं कुळ एकच. गोड्या मसाल्यासाठी दगडफूल तेलात परतताना जो मातकट, लाकडी, किंचित धुरकट वास सुटतो, तो लक्षात ठेवा. ओकमॉसचा वास हुबेहूब तसा नाही, पण नाकाला दिशा मिळते.

या ओकमॉसमधल्या अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉल या घटकांची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. सुगंध उद्योगाच्या ‘इफ्रा’ या संस्थेने आधी ओकमॉसच्या वापरावर मर्यादा घातली. पुढे युरोपीय संघाने 2017 च्या नियमाने हे दोन्ही घटक बंद केले; ऑगस्ट 2021 नंतर ते असलेला माल तिथे विकायलाही मनाई झाली. ते काढून टाकलेला ओकमॉस वापरता येतो, पण मग तळाची घडी नव्याने बसवावी लागते. फरक शोधायचा तो मुख्यतः तळाशी, हे इथेच मनात पक्कं करा.

बाटलीचं वय काढा. खोका असेल तर सोपं. युरोपात 2005 पासून 26 ॲलर्जीकारक घटकांची नावं छापणं सक्तीचं झालं. खोक्यावर घटकांची यादीच नसेल तर माल बहुधा त्याआधीचा. यादीत ‘एव्हर्निया प्रुनास्ट्री’ दिसलं तर तो ओकमॉस. बॅच कोडवर, म्हणजे कुठल्या खेपेचा माल ते सांगणाऱ्या छापील आकड्या-अक्षरांवर, फार विसंबू नका. बऱ्याच कंपन्यांचे कोड काही वर्षांनी फिरून तेच येतात.

प्रकार एकच घ्या. जुनं ओ द त्वालेत (पातळ प्रकार) आणि नवं ओ द पार्फँ (घट्ट प्रकार) समोरासमोर ठेवलं तर ती तुलनाच नव्हे. हे दोन प्रकार नुसते पातळ-घट्ट नसतात, त्यांची रचनाही पुष्कळदा वेगळी असते.

बाटलीची तब्येत पाहा. पातळी किती उतरली आहे? रंग कोऱ्या चहासारखा गडद झालाय का? गडद रंग म्हणजे खराबच असं नाही, पण अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा खेळलेली. हवा, उजेड आणि आपल्याकडचा उन्हाळा, तिघेही आधी बर्गमॉटसारख्या वरच्या वासांवर घाला घालतात. म्हणून जुन्या बाटलीची पहिली दहा मिनिटं हिशेबात धरू नका.

वास घ्यायच्या कागदी पट्ट्या तयार करा. जुनी बाटली ओतायची, नवी फवाऱ्याची, त्यामुळे मात्रा सारखी पडत नाही. नवीचे दोन फवारे छोट्या काचेच्या वाटीत मारा, दुसऱ्या वाटीत जुनीचे थेंब घ्या आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच बुडवा. मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि पट्ट्या घरातल्या कुणाला तरी पिसायला द्या. कुठली कुठली हे तुम्हाला कळता कामा नये. ‘जुनं’ हा शब्द नाकाच्या आधी डोक्यात शिरतो, आणि मग साध्या पट्टीतही काळाची खोली जाणवायला लागते. मला जाणवली होती, नव्या पट्टीत.

आता वास घ्या: पंधरा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दर वेळी दोन-तीन शब्द लिहून ठेवा, ‘छान’ सोडून कुठलेही. ‘ओलं लाकूड’, ‘पीचची साल’, ‘कपाट’ चालेल. नाक थकलं की कॉफीच्या बिया शोधत बसू नका, स्वतःच्या बाहीचा वास घ्या किंवा गॅलरीत जाऊन या.

त्वचेवर सगळ्यात शेवटी. जुन्या परफ्यूममधली द्रव्यं हवेशी संयोग पावून ॲलर्जी करणारी झालेली असू शकतात. कोपराच्या आतल्या बाजूला एकच थेंब लावा आणि एक दिवस थांबा. जुन्या बर्गमॉट तेलात उन्हाशी वाकडं असलेला बर्गाप्टेन हा घटकही असू शकतो, त्यामुळे लावून उन्हात जाणं टाळा. काळे डाग पडू शकतात.

माझ्या वहीत पहिल्या तासापर्यंत नवीच पुढे होती, पीच मोकळं आणि रसाळ. चौथ्या तासाला मी एका पट्टीपुढे लिहिलं, ‘पावसात भिजलेली साल, जरा कडवट’, आणि दुसरीपुढे, ‘मऊ, नीटनेटकं, थोडं पातळ’. सकाळी खुणा पाहिल्या. भिजलेली साल मावशीची होती. डांबरगोळ्यांचा तोवर मागमूस नव्हता. तो वास खोक्याचा होता, परफ्यूमचा नव्हेच.